धक्का पुढे जातो, दोरी जागेवरच



आजचा पाठ आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे. परंतु ज्यांच्या घरात माग, प्रेस, गॅरेज, फॅब्रिकेशन अशा ठिकाणी काम करणारे कुणी आहे, त्यांनीही तो शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनी वाचून दाखवावा, आणि तोही समोर बसून. समोरच का, ते पुढे येईल.

गेल्या महिन्यात भिवंडीला पुतण्याकडे गेलो होतो. तो यंत्रमागावर आहे, बारा बारा तासांची पाळी. त्याची मुलगी आठवीत शिकते. मी पोचलो तेव्हा ती पुस्तक मांडीवर घेऊन घडाघडा म्हणत होती, "माध्यमाचे कण आपल्या मूळ जागेच्या दोन्ही बाजूंना कंप पावतात..." व्याख्या तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी विचारले, "बाळा, तरंग इथून तिथे गेला म्हणतेस, तर नेमके काय गेले?"

"कण गेले," ती म्हणाली. मग पुन्हा पुस्तकात पाहिले आणि थांबली. "पण आजोबा, इथं तर लिहिलंय कण मूळ जागेजवळच राहतात. मग गेलं काय?"

प्रश्न बरोबर होता. तो तिला आधी का पडला नाही, तर घरात बोलायला कुणी नव्हते. पप्पांना काही विचारले तर ते नुसते 'हं, हं' करतात, ऐकतच नाहीत, ही तिची तक्रार. सूनबाई म्हणाली, "काका, ह्यांचं घरात लक्षच नसतं. टीव्ही मात्र एवढा मोठा लावतात की शेजारी भिंत ठोकतात." पुतण्या खाली मान घालून जेवत होता. मी ते मनात ठेवले आणि आधी दोरी मागितली.

कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी निघाली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधले, दुसरे पोरीच्या हातात दिले. मधोमध लाल चिंधीची गाठ मारली. दोरी फार ताणू नको, थोडा झोल राहू दे, आणि हात एकदाच वरखाली झटक, असे सांगितले. झटक्याबरोबर दोरीला एक कुबड आले, ते सरसर खिडकीकडे पळाले, गजावर आपटून परत तिच्या हातापर्यंत आले. "आता चिंधीकडे बघ." तिने पुन्हा झटकले. कुबड जवळ आले तशी चिंधी वर गेली, खाली आली, आणि होती तिथेच लोंबत राहिली.

मुलांनो, हे घरी नक्की करून पाहा. दोरी खिडकीकडे गेली नाही, चिंधीही गेली नाही. हाताने दिलेला धक्का गेला. दोरीच्या एका तुकड्याने शेजारच्याला ओढले, त्याने त्याच्या शेजारच्याला. धक्क्याबरोबर हाताची ताकद गजापर्यंत पोचली. गजाला हात लावून ठेवला तर ती कळते. पुस्तकात यालाच 'ऊर्जेचे वहन' म्हणतात. धक्का ज्यातून जातो ते माध्यम, इथे दोरी.

दोरी नसेल तर परातीत पाणी घ्या, कडेला कढीपत्त्याचे पान सोडा आणि मध्ये बोट बुडवा. वर्तुळे कडेला जाऊन आपटतील, पान मात्र जागच्या जागी डुलेल. पाण्याचे जरा वेगळे आहे, तेही सांगून ठेवतो. पाण्याचे कण वरखाली आणि पुढेमागे अशा दोन्ही हालचाली करतात, म्हणजे लहान गोलात फिरतात. जुहूला लाट अंगावर येते तेव्हा पाणी खरेच अंगावर येते, पण ती उथळ काठावर फुटलेली लाट. खोल समुद्रातली लाट होडीला वर उचलते आणि खाली सोडते. किनाऱ्यावर आणून टाकत नाही.

दोरीच्या तरंगात चिंधी हलली वरखाली आणि धक्का गेला आडवा. हलण्याची दिशा आणि जाण्याची दिशा यांत काटकोन. अशा तरंगाला अवतरंग म्हणतात. काही पुस्तकांत अनुप्रस्थ तरंग असाही शब्द सापडेल. त्याच्या उंचवट्याला शीर्ष आणि खोलगट भागाला द्रोणी म्हणतात.

दुसरा प्रकार समजायला रेशनची रांग पुरे. मागून कुणी तरी ढकलतो. त्याच्या पुढचा माणूस पुढच्यावर आदळतो आणि सावरून आपल्या जागी येतो. तो पुढचा त्याच्या पुढच्यावर. असे करत करत खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या पाठीत धक्का बसतो. ती मागे वळून लगतच्या माणसाला फैलावर घेते, आणि त्या बिचाऱ्याने काहीच केलेले नसते. रांगेत कुणाचा नंबर पुढे सरकलेला नाही, सगळे आपापल्या जागी आहेत, पण धक्का शेवटून पहिल्यापर्यंत गेला. इथे माणसे हलली पुढेमागे आणि धक्काही गेला त्याच रेषेत. हा अनुतरंग. रांगेत माणसे जिथे एकमेकांवर दाटतात तिथे संपीडन, आणि जिथे फट पडते तिथे विरलन. पुस्तकातल्या या दोन अवघड शब्दांत यापेक्षा जास्त काही नाही.

आवाज हवेतून जातो तो असाच, रांगेतल्या धक्क्यासारखा. आपण बोलतो तेव्हा तोंडातली हवा ऐकणाऱ्याच्या कानात जात नाही. कांदा खाऊन बोलून पाहा, शब्द लगेच पोचतो आणि वास मागाहून येतो. हवेतून आवाज दोरीसारखा का जात नाही, हे मात्र पुस्तके बहुधा सांगत नाहीत. दोरीचा तुकडा वर गेला की शेजारच्या तुकड्याला वर ओढतो, कारण दोघे जोडलेले आहेत. हवेचे कण असे हात धरून उभे नसतात. शेजारचा वर सरकला तरी याला त्याचे काही नाही. पण दाबले की मात्र पुढच्याला ढकलतात. म्हणून हवेत आवाजाचा धक्का फक्त दाटी आणि फट यांच्या रूपाने जातो.

दगड, माती, लोखंड यांचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे त्यांच्यातून दोन्ही प्रकार जातात, आणि भूकंपात दोन्ही येतात. जमिनीत खडक सरकला की रांगेसारखे ढकलत जाणारे प्राथमिक तरंग सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगाने निघतात. दोरीसारखे आडवे हलवणारे दुय्यम तरंग सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरने त्यांच्या मागून येतात. म्हणजे 50 किलोमीटरवरच्या गावाला पहिला आठ सेकंदांत आणि दुसरा चौदा सेकंदांत गाठतो. पहिल्याने भांडी खडखडतात, आणि घरे बहुतेक पाडतो तो मागून येणारा आडवा हेलकावा. भिंतीला वरचा भार झेलता येतो, आडवा हेलकावा झेलता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाची जागा गावांच्या खालीच होती, त्यामुळे दोन्ही तरंगांमध्ये सेकंद-दोन सेकंदांचेही अंतर मिळाले नाही. दूरच्या गावांना काही सेकंद मिळतात. तेवढ्यात पाळण्यातले मूल उचलून मजबूत टेबलाखाली शिरता येते किंवा दाराजवळ असाल तर उघड्यावर पळता येते. तेव्हा पहिल्या खडखडाटाला 'ट्रक गेला असेल' म्हणून पडून राहू नये.

याच दोन प्रकारांनी पृथ्वीच्या पोटाचा पत्ता लागला. दुय्यम तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत, कारण द्रवाचे कण हवेसारखेच एकमेकांना आडवे ओढत नाहीत. मोठ्या भूकंपाचे हे तरंग पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पोचतच नाहीत, यावरून पोटात वितळलेला थर आहे हे शास्त्रज्ञांना कळले. हे तरंग वेगवेगळे ओळखणारा रिचर्ड ओल्डहॅम हा आपल्याकडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला होता आणि त्याने 1897 च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास केला होता.

प्रकाश, रेडिओ आणि मोबाईलचे तरंग तिसऱ्याच जातीचे. त्यांना माध्यम लागत नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये हवा नाही, तरी ऊन येते. हे तरंगही आडवेच, पण तिथे दोरीऐवजी विद्युत आणि चुंबकीय बल डोलत असते. वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर. आठवीला एवढे पुरे.

आता तरंगाचे मोजमाप. पुन्हा दोरी हातात घ्या.

हात वीतभर वर नेऊन झटका, मग हातभर वर नेऊन झटका. कुबडाची उंची वाढली. चिंधी आपल्या मूळ जागेपासून जास्तीत जास्त जेवढी दूर जाते त्याला आयाम म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात लाटेची उंची द्रोणीपासून शीर्षापर्यंत मोजतात आणि विज्ञानाच्या पुस्तकात आयाम मधल्या रेषेपासून मोजतात, म्हणजे निम्मा. परीक्षेत या दोहोंची गल्लत करून मुले मार्क घालवतात.

नंतर आयाम तेवढाच ठेवून हात भराभर हलवा. सेकंदाला किती हेलकावे, ती वारंवारिता. तिचे एकक हर्ट्झ. हेलकावे भराभर झाले की शीर्षे जवळ जवळ येतात. एका शीर्षापासून पुढच्या शीर्षापर्यंतचे अंतर ही तरंगलांबी. अनुतरंगात शीर्ष नसते, तिथे एका दाटीपासून पुढच्या दाटीपर्यंत मोजायचे.

या तिघांचा हिशेब लोकलवरून समजतो. फलाटावर उभे राहा. समोरून सेकंदाला एक डबा जातो आणि डबा साधारण 20 मीटर लांब आहे, तर गाडीचा वेग सेकंदाला 20 मीटर. सेकंदाला किती डबे ही वारंवारिता, डब्याची लांबी ही तरंगलांबी, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वेग. (गाडी खरोखर पुढे जाते, तरंगात वस्तू जात नाही, एवढा फरक ध्यानात ठेवा.) हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर धरला तर 340 हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी 1 मीटर होते. पुरुषाच्या भरड आवाजाचा मूळ सूर 100 हर्ट्झ धरा, म्हणजे तरंगलांबी 3.4 मीटर, चाळीतल्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. 'स' म्हणताना दातांतून जी शीळ निघते ती 5000 हर्ट्झच्या आसपासची. तिची तरंगलांबी 7 सेंटिमीटरही नाही, चार बोटांएवढी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागतील.

जोरात झटकले तर तरंग लवकर पोचतो असे बहुतेक मुलांना वाटते. तसे नाही. वेग ठरतो माध्यमावरून. दोरी ताणून धरा, कुबड लवकर पळेल. सैल सोडा, रेंगाळेल. हवेत मोठा आवाज आणि बारीक आवाज एकाच वेगाने जातात. याचा पुरावा आपल्या गायन पार्टीतच आहे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले तरी ढोलकीची थाप, पेटीचा सूर आणि कोरसचा आवाज बरोबर एका तालात ऐकू येतो. मोठे आणि चढे सूर आधी पोचले असते तर लांबून गाण्याचा काला झाला असता. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला दीड हजार मीटर आणि पोलादात पाच हजारांच्या वर आहे.

ढोलकीवरच आयाम आणि वारंवारिता यांतला फरक पक्का करून घ्या. हळू थाप मारा, मग जोरात मारा. आवाज मोठा झाला, सूर तोच राहिला. हा बदल आयामाचा. आता दोऱ्या ताणून कातडे आवळा आणि तशीच थाप मारा. सूर चढला. हा बदल वारंवारितेचा. मोठा आवाज आणि चढा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ढोलकीवाल्याला न शिकता ठाऊक असते. आपल्या घरात मात्र हे माहीत नसल्यामुळे फार गैरसमज झाला.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपापर्यंत त्यांनी तेवीस वर्षे साचे चालवले. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे मारला जातो तेव्हा खटका बसतो. असे शेकडो साचे एका छपराखाली. तिथे कुणी बोलत नसे. बोटांच्या खुणा आणि ओठांची हालचाल यांवर काम चाले. दादा कानात कापसाचे बोळे घालत. साध्या कापसाने असा आवाज फारसा अडत नाही, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

घरी दादांना गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, खालून कुणी पुरुषाने हाक मारली तर ते 'ओ' द्यायचे. पण माझी धाकटी बहीण शाळेतले काही सांगायला गेली की ते भलतेच उत्तर द्यायचे. ती म्हणायची, "दादा, सर सहलीला नेणार आहेत," आणि दादा म्हणायचे, "हो, घालून ये." आम्हाला वाटे, पोरगी म्हणून लक्ष देत नाहीत. आई म्हणे, "हवं ते बरोबर ऐकू येतं." बहीण पुढे पुढे त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आम्ही ओरडून सांगू लागलो, तर ते चिडायचे, "ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?" ते खोटे बोलत नव्हते. त्यांना आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात साधारण पंधरा हजार रोमपेशी, म्हणजे बारीक केस असलेल्या पेशी असतात. आवाजाच्या धक्क्याने हे केस हलतात आणि मेंदूला निरोप जातो. तोंडाजवळच्या पेशी चढे सूर टिपतात, आतल्या खर्जातले. मोठ्या आयामाचे धक्के वर्षानुवर्षे बसले की पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. यंत्रांच्या आवाजाने आधी जातात त्या 4000 हर्ट्झच्या आसपासच्या, 3000 पासून 6000 पर्यंतच्या. भोंगा, हॉर्न, पुरुषाचा खर्ज हे सगळे त्याच्या खाली, म्हणून शाबूत राहतात. आपल्या भाषेतले अ, आ, ओ हे स्वर खालच्या वारंवारितेचे. स, श, फ, थ, ख यांची फुंकर आणि शीळ वरच्या वारंवारितेची. दादांना 'सर सहलीला' यातला 'स' पोचतच नव्हता. राहिलेल्या स्वरांवरून ते वाक्य जुळवायचे आणि बहुधा चुकायचे. मुलांचा आणि बायकांचा आवाज मुळातच चढा, म्हणून बहिणीचे बोलणे सर्वांत आधी गेले.

ओरडल्याने आयाम वाढतो, तोही मुख्यतः स्वरांचा. 'स'ची शीळ तेवढी वाढत नाही. म्हणून ओरडणे ऐकणाऱ्याला फक्त टोचते, कळत काहीच नाही. 'स'चे तरंग चार बोटांचे, ते भिंतीच्या कोपऱ्याला वळसा घालून फारसे येत नाहीत. खर्जाचे साडेतीन मीटरचे तरंग सहज वळतात. तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलले की जो 'स' आधीच अर्धा ऐकू येतो तो पूर्ण जातो. समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असे, थोडे सावकाश आणि खालच्या सुरात बोलावे. ओठ दिसले की राहिलेले अक्षर डोळे भरून काढतात. दादांना तर साचेखात्यातली ओठ वाचायची सवय होतीच. आम्ही हे तेव्हा केले असते तर बरे झाले असते. दादा 2004 साली गेले. बहीण अजून म्हणते, मी त्यांच्यावर उगाच रागावले.

आवाज किती मोठा हे डेसिबलमध्ये मोजतात. हे माप सरळ नाही. 10 डेसिबल वाढले की ऊर्जा दसपट होते. साधे बोलणे 60 च्या आसपास, जुन्या धोट्याच्या मागांचे शेड 100 च्या आसपास. फरक 40 चा दिसतो, ऊर्जेत तो 10 हजार पट आहे. रोज आठ तास 85 च्या वर काढणे कानाला धोक्याचे मानतात; माझा पुतण्या बारा तास काढतो. वरातीच्या डीजेच्या भिंतीपुढे तर आवाज 100 च्याही पुष्कळ वर जातो. तिथे लेकराला खांद्यावर घेऊन नाचणारा बाप दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. मिरवणूक आपली असो की दुसऱ्याची, रोमपेशीला ते कळत नाही. कुणी नावे ठेवली तरी हे मी लिहिणार.

तर जेवण झाल्यावर मी पोरीला म्हटले, आता तू पप्पांची परीक्षा घे. तिने दहा शब्द लिहिले: साप, ताप, थाप, बाप, शाळा, काळा, फळा, साल, खाल, गाल. पप्पांना भिंतीकडे तोंड करून बसवले, पंखा आणि टीव्ही बंद केला, तीन पावलांवरून साध्या आवाजात एकेक शब्द म्हणाली आणि त्यांना तो परत म्हणायला लावले. पप्पांचे दहांपैकी चार बरोबर आले. मग तेच शब्द तिने उलटसुलट क्रमाने समोर बसून म्हटले. आठ आले. पोरगी हसत होती, पहिल्या चाराला ती चिडवणार होती, पण दुसऱ्या वेळी गप्प झाली. पुतण्या बत्तीस वर्षांचा आहे.

ही घरची चाचणी म्हणजे डॉक्टरी तपासणी नव्हे. त्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री करून घ्यावी. हेडफोन लावून वेगवेगळ्या वारंवारितेचे सूर ऐकवतात, कोणता सूर किती डेसिबलला ऐकू आला त्याचा आलेख काढतात. दुखत नाही. ईएसआयचे कार्ड असेल तर तिथे विचारा. कारखान्याच्या आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या यादीत कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा डॉक्टरांना आपले काम काय आणि किती वर्षे, हे आवर्जून सांगावे आणि कागद जपून ठेवावेत. कानात मळ साठूनही कमी ऐकू येते, आणि ते तर लगेच बरे होते. म्हणून घाबरून घरी बसू नये.

पुतण्या गेला तपासायला. दोन आठवड्यांनी पोरीचा फोन आला. पप्पांच्या रिपोर्टवरची रेघ 2000 हर्ट्झपर्यंत बरी आहे, 4000 पाशी खड्डा आहे, 8000 ला पुन्हा थोडी वर येते, असे तिने सांगितले. आलेख वाचायला डॉक्टरीणबाईंना तिने मदत लागू दिली नाही म्हणे. गेलेले परत येणार नाही, पण राहिलेले वाचवायचे असेल तर शेडमध्ये कानात फोमचे बोळे घाला, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बोळा दोन बोटांत चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर उपयोग नाही.

पुतण्याचे म्हणणे असे की बोळे घातले तर माग बिघडल्याचा आवाज कळणार नाही. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण फोम सगळेच आवाज कमी करतो, खटक्याचा आणि बिघाडाचाही. त्यांतला फरक थोड्या दिवसांनी कान शिकतो. त्याने दोन दिवस घातले, तिसऱ्या दिवशी खिशातच ठेवले. पोरीने आता पाळीला निघताना दारात उभे राहून, समोरून, सावकाश विचारायला सुरुवात केली आहे, "पप्पा, बोळे घेतले का?"

पुढच्या अंकात प्रतिध्वनी आणि सोनोग्राफी. तोपर्यंत एक काम करा. वीज चमकली की सेकंद मोजायला लागा, गडगडाट ऐकू आला की थांबा, आणि आलेल्या आकड्याला 3 ने भागा. वीज किती किलोमीटरवर पडली ते येईल. 3 नेच का भागायचे, ते या पाठातल्या आकड्यांवरून शोधून आमच्या पत्त्यावर पोस्टकार्डाने कळवा. आणि मोजायचे ते घरात बसून, झाडाखाली किंवा गच्चीवर उभे राहून नव्हे.